कार्डवाल्यांना विशेष सवलत

दोन पावत्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी पडल्या होत्या. एक नवऱ्याची, एक बायकोची. लॅब तीच, थायरॉइडची तपासणी तीच, सुई टोचणारी मुलगीही तीच. दोघांनी डॉक्टरांकडे एकमेकांबद्दल एकच तक्रार केली होती, की लक्ष ठिकाणावर नसतं. म्हणून डॉक्टरांनी दोघांचंही रक्त तपासायला लावलं होतं.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही बिलाचा पाचवा हिस्सा भरलात. बाकीचं तुमच्या कंपनीनं भरलं. माझं सगळं बिल मी भरलं. मग तुमचे तीनशे ऐंशी आणि माझे साडेतीनशे कसे?"

नवऱ्याने पावत्यांची जागा बदलून पाहिली. फरक पडला नाही.

हा नवरा आरोग्यविमा कंपनीत होता आणि लॅबवाल्यांशी घासाघीस करून कंपनीसाठी दर ठरवणं हेच त्याचं काम होतं. ऑफिसात त्याला सवलतराव म्हणत. तो ते कौतुक समजे. त्याने ज्यांना काम शिकवलं ते सगळे केबिनमध्ये जाऊन बसले होते, आणि तो अजून दोन कपाटांच्या मधल्या जागेत होता. उद्या मोठे साहेब त्याचा याच लॅबशी झालेला करार पाहणार होते. करार पसंत पडला तर बढती. बढती म्हणजे केबिन. केबिन म्हणजे दार.

"हे बघ," तो म्हणाला, "छापील दर अठ्ठावीसशे. मी तो कंपनीसाठी एकोणीसशेवर आणला. नऊशेची सवलत."

"आणि मला किती मिळाली?"

त्याने तिची पावती नीट पाहिली. सवलतीचा रकाना कोरा होता. "काहीच नाही," तो म्हणाला, आणि त्याला क्षणभर बरं वाटलं.

यानंतरचं बोलणं बरंच लांबलं. सवलत वजा जाता ते एवढंच उरतं:

"भाजी आणायला मी तुम्हाला पाठवत नाही, ते उगाच नाही."

सकाळी ऑफिसला जाण्याआधी सवलतराव लॅबच्या मॅनेजरकडे गेला. मॅनेजर काचेच्या खोलीत बिस्किटं खात होता. सवलतरावने आडपडदा न ठेवता सांगितलं, की रोखीचा दर निदान आजच्या दिवसापुरता वाढवा. कंपनी देते एकोणीसशे आणि बाहेरून चालत आलेला माणूस देतो साडेतीनशे, हे मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं, तर केबिन राहू दे, कपाटंसुद्धा हातची जातील.

मॅनेजरला वाईट वाटलं. रोखीचे पेशंट स्वतःच्या खिशातून देतात, वीस रुपये वाढवले तरी समोरच्या लॅबमध्ये जातात, असं त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं.

"मग आमचा दर उतरवा."

"तुम्ही कुठं खिशातून देता, साहेब?"

मॅनेजरने बिस्किटांची बशी पुढे केली आणि स्वतःच मार्ग काढला. कमी-जास्त करायचंच, तर छापील दर वाढवू. तो कोणीच भरत नाही, त्यामुळे कोणाची तक्रार येत नाही.

(इथे थोडं गणित आहे. कंटाळा असेल त्याने गाळावं. कंपनीने गाळलं.) छापील दर अठ्ठेचाळीसशे. कंपनीला बावीसशे.

"म्हणजे आम्ही तीनशे जास्त देणार," सवलतराव म्हणाला.

"आणि सव्वीसशे वाचवणार. आजवर नऊशेच वाचत होते."

सवलतरावने एक बिस्किट उचललं, खाल्लं आणि सही केली. परत जाताना त्याला आपण काहीतरी जिंकलो आहोत असं वाटत होतं. काय, ते नक्की सांगता आलं नसतं.

मीटिंग. सवलतीचा आलेख पडद्यावर चढला आणि वरच्या कोपऱ्याला जाऊन टेकला. निम्म्याहून जास्त सवलत या खोलीत आजवर कोणी आणली नव्हती. माना डोलल्या. दार, त्याला बिजागऱ्या, बिजागऱ्यांना तेल, इतकं सगळं सवलतरावला दिसू लागलं. तेवढ्यात मोठ्या साहेबांनी चष्मा काढला.

"आपलं विम्याचं कार्ड नसलेल्या माणसाला हीच तपासणी कितीला पडते?"

डोलणाऱ्या माना थांबल्या.

सवलतरावला खोटं बोलता आलं असतं. पण सकाळी मॅनेजरला दाखवायला नेलेली बायकोची पावती त्याच्याच फाइलमध्ये होती आणि फाइल साहेबांच्या हाताखाली.

"साडेतीनशे, साहेब."

साहेबांनी फाइल उघडली. पावती काढली. उजेडात धरली.

"यात सवलतीचा रकाना कोरा आहे."

"हो."

"एक पैशाचीही सवलत नाही?"

"नाही, साहेब."

साहेबांनी पावती हळूच खाली ठेवली. त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला होता. "बिचारे," ते म्हणाले. "पॉलिसी नसली की माणसाची ही गत होते."

बढती तिथेच मंजूर झाली. पाठोपाठ इतर तपासण्यांचे करारही याच पद्धतीने करून घेण्याचा हुकूम निघाला. सवलतरावने घरी फोन करून बातमी दिली. बायकोने अभिनंदन केलं आणि येताना भाजी आणू नका असं सांगितलं.

नव्या पदासाठी एक अट होती: रक्ताची तपासणी पुन्हा करून घ्यायची. त्यात थायरॉइडही आलं.

लॅबमध्ये दोन खिडक्या होत्या, कार्डाची आणि रोखीची. कार्डाच्या खिडकीपाशी कोणीच नव्हतं. सवलतराव तिथवर गेला, मनातल्या मनात बावीसशेचा पाचवा हिस्सा काढला, चारशे चाळीस. मग जणू वाट चुकलो होतो अशा चेहऱ्याने तो रोखीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

पुढचा माणूस टोपी कपाळापर्यंत ओढून, मास्क लावून खिडकीवर वाकला होता. खिडकीतली मुलगी साडेतीनशे म्हणत होती, तो तीनशे म्हणत होता. आपण नेहमीचे आहोत, असंही म्हणत होता. शेवटी मुलगी कंटाळली. तीनशे देऊन माणूस वळला, आणि मोठे साहेब सवलतरावच्या समोर उभे राहिले.

रांग पुढे सरकली नाही.

"कार्ड घरी राहिलं," साहेब म्हणाले.

"माझंही, साहेब."

साहेबांनी पावतीची घडी घातली, खिशात ठेवली आणि सवलतरावच्या कानाशी आले. "तीनशे सांगा. देते ती. फक्त सवलत हा शब्द काढू नका."

सवलतराव खिडकीशी गेला. इतकी वर्षं दर ठरवण्यात घालवलेल्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खिशासाठी घासाघीस केली.

त्याला साडेतीनशेच पडले.