डोमाजीचे पांढरे गोटे

पाळी सुटली की डोमाजी माझ्या टेबलावर रोज एक पांढरा गोटा ठेवायचा आणि म्हणायचा, "हा तुमचा, साहेब." जणू मीच तो घरून आणून खाणीत विसरलो होतो.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. तुमसरच्या पलीकडच्या एका मँगनीजच्या खाणीत मी नवाकोरा साहेब होतो आणि डोमाजी सुरुंग लावणारा जुना मेट. जमिनीखाली काळ्या खनिजाचा पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या खडकाची भिंत. सुरुंगानं काळं तेवढं पाडायचं. भिंत ढासळली की पांढरा दगड मालात मिसळलाच. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, डोमाजीला बोटांतून.

हा माणूस एका जागी ठरत नसे. भिंतीवर टकटक करायची, कान लावायचा, दोन पावलं सरकून पुन्हा टकटक. कुणाकडे चहाला गेला तरी आधी त्यांची भिंत वाजवून बघे. त्याचं म्हणणं एकच: भिंतीलगतची भोकं जवळजवळ पाडा, त्यांत बारूद निम्मी भरा आणि ती सगळ्यांत शेवटी उडवा.

"भिंतीले झोपू द्या न, साहेब. कायले उठवून राहिले?"

पण मला जास्त माल काढून नाव कमवायचं होतं. डोमाजी सिहोऱ्याला लग्नाला गेल्याचं पाहून मी भिंतीकडची भोकंही गच्च भरून घेतली. धूर निवळल्यावर पाहतो तर छातीएवढा ढीग. स्वतःवर खूश होऊन मी दिवा जवळ नेला. अर्धा ढीग पांढरा होता.

दुसऱ्या दिवशी डोमाजीनं दोन्ही खिसे माझ्या टेबलावर रिकामे केले, मग जेवणाचा डबाही. सगळे गोटेच. डबा उचलून तो चालू लागला. ते मला सोसेना. सारवासारव करायला मी त्याच्या मागोमाग निघालो.

तो घरी गेलाच नाही. माल निवडायच्या आवारात गेला. तिथं बायका हातोडीनं ढेकळं फोडून पांढरं वेगळं करत. डोमाजी एकीच्या शेजारी उकिडवा बसला आणि निवडू लागला.

"सुभद्रे, तुझा मेट आला वं," बाकीच्या हसल्या.

सुभद्रा त्याची बायको. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं हातोडीखाली सापडलेली, वाकत नव्हती. ढीग उरकत नसेल तर घरी बस, असं मुकादमानं तिला बजावलं होतं.

"यांले सांगा न, साहेब," ती म्हणाली. "अख्खी पाळी खाली काढतेत, अन् पुन्हा इथं येऊन बसतेत."

डोमाजीनं मान वर केली नाही. "खालून सुटलेला एकेक गोटा हिच्याच पुढ्यात येऊन पडते, साहेब."

इस्त्रीच्या विजारीसकट मी खाली बसलो. पहिलाच गोटा उचलून बाजूला फेकला, तर सुभद्रेनं तो परत आणला. अस्सल काळा माल होता.

डोमाजीनं न बघता एक पांढरा माझ्याकडे सरकवला.

"हा तुमचा."