काचेपलीकडची म्हैस

कुमुदबाईंनी मान हलवली आणि तिथंच सगळं बिनसलं. नुसती मान. तोंड उघडलं असतं तर एकवेळ बरं, कारण त्यांचं इंग्रजी कुणाला कळलंच नसतं.

झालं काय, नातवाला चाइल्डकेअरमधून आणायला त्या खाली गेल्या होत्या. (सिंगापुरात, वुडलँड्सला, शाळा त्यांच्याच ब्लॉकच्या तळमजल्यावर. खाली पोर रडलं की वर आजीचा जीव गोळा.) टीचर मेईलिंगनं तीन वर्षांच्या अंकुरचा जसाच्या तसा भरलेला वाडगा दाखवला आणि विचारलं, "ग्रँडमा, ॲट होम, ईटिंग टाइम, गिव्ह हँडफोन? स्क्रीन?"

कुमुदबाईंनी मान अशी हलवली की लचक भरली. स्क्रीन? आणि आमच्यात? ज्या बाईनं बार्शीच्या भिशीत चारचौघींना सुनावलं होतं, "मोबाइल दाखवून पोराला भरवणारी आई आणि टीव्ही बघत धार काढणारा गवळी, दोघांच्या हाती शेवटी सांडलेलंच येतं," तिच्या घरात स्क्रीन?

"व्हेरी गुड, ग्रँडमा!" टीचर खूश झाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. स्क्रीन नाही तरी पोरगं खात नाही, म्हणजे दुसरंच काहीतरी असणार.

त्या दुसऱ्याच काहीतरीनं पुढचा आठवडा खाल्ला. (घरात खाणारं तेवढं एकच होतं.)

डॉक्टरनं घसा पाहिला, दात पाहिले, कान पाहिले. "कान कशाला? घास काय कानातून जातो?" असं कुमुदबाईंनी विचारलं. त्यांच्या सुनेनं, अनघानं, ते डॉक्टरला सांगितलं नाही. मग त्यांनी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली, तर छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र असं बोंबललं की समोरची चिनी आजी बादली घेऊन धावत आली. अंकुर खदखदून हसला. घास पुढं केला की मात्र ओठ शिवल्यासारखे.

खोटं कशाला बोला, कुमुदबाई घाबरल्या होत्या. आणि घाबरल्या की त्या भांडायच्या. पण भांडायचं कुणाशी? मुलगा मंदार बोटीवर, समुद्रात. अनघा आजवर घरूनच काम करायची. आता ऑफिसनं रोज बोलावलं, म्हणून पोर शाळेत गेलं आणि आजी विमानात बसली. आणि आजीनं पाऊल ठेवल्यापासून पोरानं अन्न सोडलं! घरी नाही, शाळेत नाही. नुसतं दूध. बनियनमधून बरगड्या दिसायला लागल्या.

"मी यायच्या आधी खायचा की नाही?"

"खायचा ना आई. वाटी चाटूनपुसून."

"आणि मी आल्यावर?"

अनघा गप्प बसली. सून बोलली तर सासूला लागतं, पण गप्प बसली तर जास्त लागतं.

"म्हणजे माझाच पायगुण!"

"आई, काहीतरी काय बोलता!"

शुक्रवारी टीचरनं सांगितलं, असंच राहिलं तर सोमवारपासून याला जेवणाआधी घरी न्या, उपाशी पोर दुपारभर आम्ही ठेवू शकत नाही.

"तुम्ही परत गेलात की दुपारी याला कोण बघणार?" अनघा लिफ्टमध्येच रडायला लागली. "मला नोकरी सोडावी लागेल आई."

कुमुदबाईंना काही सुचेना. सुचेना की त्या भाजी आणायला जायच्या. त्या संध्याकाळीही गेल्या, आणि खालच्या दुकानात हिरव्या जुडीपाशी अडल्या. मेथीच होती, पण परक्या मुलखात मेथीवरही विश्वास बसत नाही. त्यांनी अनघाला व्हिडिओ कॉल लावला.

"ही मेथीच ना गं?"

फोनमधून किंकाळी आली. "आज्जीऽऽ!"

अंकुर! उंच खुर्चीत बसलेला, समोर वरणभात, डोळे लकाकलेले. "आज्जी, म्हैस कर! म्हैस!"

आणि जबडा असा उघडला की आजीला पार पडजीभ दिसली. अनघानं वेळ दवडला नाही, घास कोंबला. "आई, करा! करा!"

कुमुदबाईंनी मेथीची जुडी छातीशी धरली आणि भर दुकानात रवंथ सुरू केला. खालचा जबडा डावीकडून उजवीकडं, डोळे अर्धे मिटलेले, मध्येच नाकानं फूंऽऽ. कांदे निवडणारी बाई तीन पावलं मागं सरकली. पण तिकडं पोरगंही तसंच चावत होतं, आणि वाटी रिकामी होत होती.

हे काही नवीन नव्हतं. गेली दोन वर्षं, सिंगापूरच्या जेवणाच्या वेळी, कुमुदबाई बार्शीला चहाच्या डब्याला फोन टेकवून बसायच्या आणि म्हैस व्हायच्या. इकडं अनघा भरवायची. त्याला स्क्रीन कोण म्हणेल? ती आजी होती!

वाटी संपली. अंकुरनं ढेकर दिला, बोट पुढं केलं आणि आजीच्या हनुवटीखालचं लाल बटण दाबलं. आजी गडप. रोजचंच होतं ते. पोट भरलं की तो फोन कापायचा, टाटा नाही की बाय नाही.

कुमुदबाई धावतपळत वर आल्या तेव्हा अनघा दारातच उभी होती.

"आई, आपल्या घरात स्क्रीन आहे."

"कुठाय?"

"तुम्ही."

"मी? मी हाडामासाची बाई आहे!"

"त्याला कुठं माहितीय? त्याची आजी फोनात राहते. तुम्ही कोण, ते अजून त्याला कळलेलं नाही."

असं कुणी बोललं असतं तर कुमुदबाईंनी त्याची बत्तिशी हातात दिली असती. पण त्या मुकाट अंकुरसमोर बसल्या आणि म्हैस करून दाखवली. समोरासमोर, हाडामासाची. अंकुरनं, वेड लागलेल्या परक्या बाईकडं बघावं तसं त्यांच्याकडं बघितलं.

"डोन्ट वॉन्ट, लाह," तो शाळेतल्या पोरांच्या थाटात म्हणाला.

शनिवार-रविवार कुमुदबाई बेडरूममध्ये दार लावून बसल्या आणि हॉलमधल्या फोनात म्हैस झाल्या. पोरगं जेवलं. पण सोमवारचं काय?

सोमवारी अनघानं रजा टाकली. दोघी जेवणाच्या वेळी शाळेत गेल्या. कुमुदबाईंनी छातीवर बोट ठेवलं. "टीचर, सॉरी. स्क्रीन... मी." टीचरला काही कळेना. अनघानं सगळं समजावलं तेव्हा ती भिंतीला टेकून हसली. पण नियम तो नियम. "नो हँडफोन, ग्रँडमा. कॅनॉट."

कुमुदबाईंची नजर खिडकीवर गेली. पॅसेजच्या बाजूला, पोरांच्या उंचीची चौकोनी काच.

त्या बाहेर गेल्या. पदर खोचला, काचेमागं उकिडव्या बसल्या आणि चौकटीत तोंड बरोबर मधोमध आणलं. पॅसेजमधल्या बाकावर कॉफी पिणारे दोन म्हातारे बघतच राहिले. रवंथ सुरू झाला. डावीकडून उजवीकडं. फूंऽऽ. काचेवर वाफ आली, ती पदरानं पुसली, पुन्हा फूंऽऽ.

आत अंकुरनं मान वर केली. डोळे लकाकले. तोंड उघडलं! टीचरनं पहिला घास दिला, दुसरा दिला. टेबलावरची सगळीच पोरं खिडकीकडं बघत म्हशीसारखी चावायला लागली. (बिनस्क्रीनच्या शाळेत सगळा वर्ग एकाच स्क्रीनला चिकटला होता.) वाडगा रिकामा झाला. टीचरनं अंगठा दाखवला. मागं अनघानं हुश्श केलं, आणि म्हशीच्या डोळ्यांना धार लागली.

अंकुर खुर्चीवरून उतरला आणि थेट काचेपाशी आला.

कळलं! पोराला कळलं, आजी इथंच आहे, फोनात नाही! कुमुदबाईंनी तळवा काचेला लावला.

अंकुरनं बोट उचललं, त्यांच्या हनुवटीखाली काचेवर टक्कन दाबलं, आणि पाठ फिरवून खेळायला निघून गेला.

"आई, झालं. चला ना वर," अनघा म्हणाली.

"थांब गं जरा," कुमुदबाई काचेला तोंड लावून म्हणाल्या. "परत लावतोय का बघू दे."