बाकावरची निळी पिशवी

"ही पिशवी कुणाची?"

हेडमास्तरांचा आवाज भुयारी मेट्रोच्या फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमला. ते कुठल्याही शाळेत हेडमास्तर नव्हते. विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. पण सरकत्या जिन्यावर कसं उभं राहावं, लिफ्टचं बटण एकदाच का दाबावं, शिंकताना रुमाल कुठे धरावा, हे दिसेल त्याला शिकवायची त्यांना खोड होती, म्हणून कचेरीतल्या मंडळींनी त्यांना ही बढती देऊन टाकली होती. आत्ताही पिवळ्या रेषेपुढे उभ्या असलेल्या दोन कॉलेजकुमारांना रेषेचं महत्त्व पटवून ते परत वळले, तर बाकावर ही पिशवी. निळी, फुगलेली, तोंडाला गच्च गाठ मारलेली. आणि आसपास कुणी नाही.

शेजारच्या बाकावर एक बाई विणत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मघाशी एक गृहस्थ ठेवून गेले खरे."

"कसे होते दिसायला?"

बाईंनी चष्मा वर सरकवून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "असेच. साधारण तुमच्यासारखे."

"बघा! मुद्दाम अशीच माणसं निवडतात. चेहऱ्यावरून कुणाला संशय येऊ नये म्हणून."

हेडमास्तर तडक सुरक्षारक्षक बाईंकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, कुणाचा तरी डबा असेल. आधी कॅमेऱ्यात बघून घेते."

"बघत काय बसताय? इथे माणसांच्या जिवाशी खेळ चाललाय!"

आरडाओरडा ऐकून स्टेशनचे साहेब बाहेर आले. भरघोस मिशी, कडक इस्त्री, डोक्यावर टोपी. साहेबांच्या कपाळावर म्हणावी तशी आठी पडेना, तेव्हा हेडमास्तरांनी पिशवीपाशी जाऊन हाताचा द्रोण करून कान लावला. मनगटावरचं घड्याळ नेमकं कानाशी आलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"साहेब," ते कुजबुजले, "आत टिकटिक होतेय."

साहेबांची मिशी थरथरली आणि ते नियंत्रण कक्षात धावले. पुढच्या क्षणी भोंगा वाजला, गाड्या थांबल्या, आणि सगळं स्टेशन जिन्याकडे धावलं.

वर रस्त्यावर हीऽ गर्दी! एक बेकरीवाला केकचं खोकं घेऊन उभा होता. जिन्यावरच्या रेटारेटीत त्याच्या तीन मजली केकचा एकमजली झाला होता. एक आजोबा एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा अशा अवस्थेत कठड्यावर टेकले होते. पण तक्रार कुणाचीच नव्हती. उलट विणकामवाल्या बाईंनी हेडमास्तरांकडे बोट दाखवलं, "यांनी पाहिली पिशवी. हे नसते तर आपलं काय झालं असतं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी मोज्याच्या पायाने पुढे येऊन त्यांचा हात दाबला. हेडमास्तर "छे छे, कर्तव्यच होतं" म्हणत राहिले, पण मान आपोआप ताठ होत होती.

तेवढ्यात फोन वाजला. बायको होती.

"अहो, पोचलात का? भाजीचा डबा सांडला नाही ना?"

"कुठला डबा? मी आत्ता फार मोठ्या गडबडीत आहे."

"कुठला म्हणजे? सकाळी तुमच्या बॅगेचा बंद तुटला, म्हणून माझ्या ताईच्या निळ्या पिशवीत घालून नाही का दिला? तुम्ही फोनवर कुणाला तरी झापत होता. हातात दिली तर 'हो हो' म्हणालात आणि गेलात. गच्च गाठ मारलीय, सोडताना दातांनी ओढू नका."

हेडमास्तरांच्या पायाखालचा रस्ता सरकला. रिकाम्या हाताकडे त्यांनी दोनदा पाहिलं. बाकापाशी गेलो होतो. काहीतरी जड होतं. ते खाली ठेवलं. मग ती पोरं दिसली...

"अहो, ऐकताय ना?"

"ठेव तू," ते कसेबसे म्हणाले.

आता सांगून टाकावं, असं त्यांनी ठरवलं. घसा खाकरला, तर पुढे एक मुलगी उभी. नवी कोरी साडी, छातीशी कागदांची फाइल. "काका, थँक्यू हं. माझी आज मुलाखत होती. आता नोकरी हातची जाणार बहुतेक, पण जीव तर वाचला." आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. हेडमास्तरांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. सांगायला जावं तर ही मुलगी समोर, आणि न सांगावं तरी ही मुलगी समोर! कान इतके तापले होते, की त्यांवर पापड भाजता आला असता.

मनात एक चोर म्हणत होता, गप्प राहा. तपासतील, डबा निघेल, कुणाचा ते कुणाला कळणार? तेवढ्यात तपासणी पथकाचा माणूस कुत्र्याला ओढत वर आला.

"कुत्रा पिशवीसमोर बसला होता, हलायलाच तयार नव्हता," तो साहेबांना म्हणाला. "आम्ही धोका पत्करणार नाही. दुपारपर्यंत तरी स्टेशन बंद ठेवावं लागेल."

दुपारपर्यंत! मुलीने फाइल आणखी घट्ट धरली. कुत्रा जीभ ओठांवरून फिरवत पुन्हा जिन्याकडे ओढ घेत होता. त्याला काय सापडलं होतं, हे सगळ्या गर्दीत एकट्या हेडमास्तरांना ठाऊक होतं.

"थांबा!" ते ओरडले. "ती पिशवी... माझी आहे. डबा आहे त्यात."



"आणि टिकटिक?" साहेबांनी विचारलं.

हेडमास्तरांनी मनगट पुढे केलं.

"अगंबाई," विणकामवाल्या बाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, तुमच्यासारखेच होते म्हणून!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बेकरीवाला मात्र हसला नाही. त्याने खोक्याचं झाकण उघडून केक हेडमास्तरांना दाखवला आणि पुन्हा लावून टाकलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं हेडमास्तरांना वाटलं.

साहेबांनी त्यांना दंडाला धरून खाली नियंत्रण कक्षात नेलं. "सगळं रेकॉर्ड झालेलं आहे. आता तुम्हाला दाखवतोच. लाव गं."

सुरक्षारक्षक बाईंनी चित्रण लावलं. पडद्यावर हेडमास्तर आले, पिशवी ठेवली, पोरांना बोट नाचवून समजावलं, परतले आणि स्वतःच्याच पिशवीला पाहून दचकले. खोलीतले सगळे पोट धरून हसले. हेडमास्तर खाली बघत, फरशीच्या भेगेत मावता येईल का याचा अंदाज घेत उभे राहिले.

चित्रण पुढे चालूच होतं. भोंगा वाजला. या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि साहेब बाहेर पडले. त्यांनी आजोबांना ओलांडलं, त्यांची चप्पल तुडवली, केकच्या खोक्याला कोपर मारलं आणि सगळ्यांच्या आधी जिना गाठला. टोपी मागे पायरीवर पडून राहिली. त्यांच्यामागून, सगळ्यात शेवटी, सुरक्षारक्षक बाई आजोबांचा हात धरून सावकाश चढत होत्या.

हसणं थांबलं.

"बंद कर," साहेब म्हणाले. त्यांच्या मिशीसकट सगळा चेहरा लाल झाला होता. भोंगा वाजवण्याआधी कॅमेऱ्यात बघायचं काम त्यांचंच होतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी स्वतःची खुर्ची हेडमास्तरांपुढे सरकवली. "बसा. चूक कुणाकडूनही होते. हे आपल्या दोघांतच राहू द्या."

"दोघांत कसं, साहेब?" सुरक्षारक्षक बाई म्हणाल्या. "मी आहे की."

हेडमास्तर बसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला काही शिकवलं नाही. नुसती विनंती केली. "साहेब, वर एक मुलगी आहे. तिच्या मुलाखतीच्या ठिकाणी तुम्ही स्वतः फोन करा. सांगा, तिचा दोष नव्हता म्हणून."

मुलीला खाली बोलावलं. साहेबांनी तिच्याकडून नंबर घेतला, पायरीवरून परत आणलेली टोपी नीट केली आणि भारदस्त आवाजात बोलायला सुरुवात केली. पलीकडच्यांनी ऐकून घेतलं. तिला दुपारी पाठवा, हरकत नाही, असंही म्हणाले. मुलीचा चेहरा उजळला. मग पलीकडून सहज विचारलं गेलं, "पण झालं काय होतं एवढं?"

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी साहेबांच्या टोपीकडे पाहिलं.

"तांत्रिक बिघाड," साहेब म्हणाले.

सुरक्षारक्षक बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.