गिऱ्हाईक होऊन आणलेलं पाणी

मितेशला एका जागी बसणं जन्मात जमलं नव्हतं. आज तर त्याला धड उभंही राहवेना. पनवेलजवळच्या नेरे गावाच्या पट्ट्यातल्या आणखी एका विहिरीतून त्याने बादली वर ओढली, वास घेतला आणि कपाळावर हात मारला. पुन्हा ब्लीचिंग पावडर!

शेतात फवारलेलं औषध विहिरीत किती उतरतं, ते तपासायचं काम पनवेलच्या एका प्रयोगशाळेकडे होतं आणि बाटल्या भरून आणायचं मितेशकडे. पण 'पाणी तपासायला माणूस आलाय' असं कानावर पडलं, की विहिरीत पावडर ओतायची ही गावोगावची रीत. पाहुणे येणार म्हणून ओटी झाडावी, तसंच ते. कुणाच्या मनात पाप नसे. मात्र पावडर पडली की औषधाचा माग लागत नसे. 'आज पुन्हा पावडरीचं पाणी आणलंस तर हे काम दुसऱ्याला देईन,' असं प्रयोगशाळेच्या आभामॅडमनी सकाळीच बजावलं होतं.

बाटल्यांच्या पेटीतला बर्फ वितळत होता. मितेशची मोटरसायकल पुढच्या गावात पोचण्याआधी तिथे फोन पोचत होता. शेवटी त्याने शक्कल लढवली. पेटीवर गोणपाट टाकलं, ओळखपत्र खिशात कोंबलं, गॉगल चढवला आणि कारल्याच्या मांडवाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला, तुळशीरामला, विचारलं, "काका, फार्महाऊससाठी जागा आहे का हो इकडे?"

तुळशीरामचा चेहरा खुलला. "हाय ना शेठ! बसा. हौसा, खुर्ची आन गो!"

"बसत नाही. आधी पाणी दाखवा."

"पानी? अमृत हाय शेठ! उन्हाल्यात पन आटत नाय."

तुळशीरामने कळशी उपसली. मितेशने वाकून हुंगलं. पावडरीचा मागमूस नव्हता! त्याला इतका आनंद झाला, की तुळशीरामला मिठीच मारावीशी वाटली.

"एक बाटली नेऊ का? घरच्यांना दाखवतो."

"घरच्यांना मंग. आदी तुमी प्या." तुळशीरामने तांब्या भरून पुढे केला.

मितेशची नजर विहिरीच्या काठावर गेली. तिथे फवारणीचा पंप नुकताच धुऊन उपडा घातला होता.

"तहान नाही हो."

"पानी नाय पिनार तर जागा काय घेनार?" तुळशीरामचा आवाज बदलला आणि कळशी मागे सरकली. "कोन मानूस तुमी?"

एकीकडे नोकरी, दुसरीकडे पोट. मितेशने डोळे मिटले आणि तांब्या रिकामा केला. मग बाटली भरली आणि धावतच पेटीकडे गेला. घाईत गोणपाट घसरलं.

"अवो, ह्यो तर पानी तपासनारा!" खुर्ची घेऊन आलेली हौसा ओरडली. "सकाली फोन आलेला ना, त्योच! पावडर टाकाची रायलीच!"

आता मार बसणार, म्हणून मितेशने हात जोडले. पण तुळशीरामनेच डोकं धरलं होतं.

"अरे बाबा, मंग पिलास कशाला?"

"तुम्हीच अमृत म्हणालात!"

"गिऱ्हाईकाला दुसरं काय सांगू? पंप धुतलेलं पानी समदं इहिरीत जातं. आमी नाय पीत ते. आमचा जार येतो!"

"थांब पोरा, ताक देते," हौसा कळवळून म्हणाली. पण मितेश थांबतोय कसला! एका हाताने पोट दाबत त्याने पनवेल गाठलं.

आभामॅडमनी बाटली उघडून हुंगली आणि त्यांचे डोळे चमकले. "पावडर नाही! शाब्बास! जमवलंस कसं?"

मितेशने सगळं सांगितलं. "मॅडम, या बाटलीचा रिपोर्ट आधी काढा. प्लीज. पोटात कसंतरीच होतंय."

"काढते रे, काढते. पण आयडिया फर्स्ट क्लास आहे हं! काम तुझंच. उद्यापासून प्रत्येक विहिरीवर असंच गिऱ्हाईक होऊन जायचं."

मितेश मटकन खुर्चीत बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "हे काम दुसऱ्याला द्या."