घंटागाडीच्या गाण्यातले नानासो

गाणं घंटागाडीचं होतं आणि ते गायला बचत गटाच्या चार बायका येणार होत्या. पाचवे नानासो असतील, हे धवलला कुणी सांगितलं नव्हतं.

धवलचा स्टुडिओ रहिमतपुरात, आकारामच्या गाद्यांच्या दुकानावर. आकारामकडच्या जुन्या गाद्या भिंतींना ठोकून त्याने खोली आवाजबंद केली होती. एरवी तिथे यात्रांच्या जाहिराती आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांची गाणी होत. बोरमाळवाडीचं काम आलं तेव्हा त्याला बरं वाटलं. गटाच्या राहीबाईंनी स्वतः गाणं रचलं होतं, "हिरव्या डब्यात ओला गं बाई, निळ्या डब्यात सुका." त्यांचा आवाज इतका खणखणीत, की दुसऱ्यांदा घ्यायची गरजच पडली नाही.

"झालं?" कोपऱ्यातून नानासो उठले. "आता माझं घे."

नानासो फौजेतून सुभेदार होऊन गावी आलेले, स्वच्छता समितीचे अध्यक्ष. घंटागाडी गावात यावी म्हणून तालुक्याला दोन वर्षं त्यांनीच खेटे घातले होते. असल्या माणसाला नको कोण म्हणणार? चष्मा घरी राहिलेला, म्हणून ओळी सांगायला त्यांनी बनुबाईंना, म्हणजे बायकोला, बरोबर घेतलं आणि काचेच्या खोलीत शिरले.

नानासोंनी सूर लावला आणि गाद्यांचाही उपयोग होईना. मधे नुसतं संगीत वाजे, तेवढा वेळ ते बनुबाईंकडे वळून काहीतरी पुटपुटत. काचेतून धवलला ओठ हलताना दिसत होते, पण त्याने कानावरचे हेडफोन केव्हाच गळ्यात उतरवले होते.

जाताना राहीबाई जिन्यात थांबल्या. "बाळा, नानासोंचा तेवढा आवाज काढायचा. पर त्यांना कळता कामा न्हाई. माणूस लय मोठा हाय, आन आवाज लय वंगाळ."

"काकू, पट्टी खाली ओढली की गेला. काही काळजी करू नका."

आणि त्याने पट्टी ओढली. प्रत्येक आवाज वरखाली करायची एक पट्टी असते, तिला फेडर म्हणतात. नानासोंचा फेडर तळाला गेला, आवाज गेला. धवलला वाटलं, संपलं.

पण आवाजाला दोन वाटा असतात. एक सरळ स्पीकरला जाते. दुसरी त्याच आवाजाची नक्कल घेऊन रिव्हर्बकडे जाते, म्हणजे जिथे कुठल्याही आवाजाला देवळाच्या गाभाऱ्यातला घुमारा मिळतो तिकडे. ही दुसरी वाट फेडरच्या आधी काढायची की नंतर, ते ज्याने त्याने ठरवायचं. धवलने घाईत एका जुन्या जाहिरातीचीच मांडणी उघडली होती आणि तीत ती फेडरच्या आधीच फुटलेली होती. त्यामुळे नानासो पुढच्या दाराने गेले खरे, पण मागच्या दाराने घुमाऱ्यात जाऊन बसले.

संध्याकाळी गाणं ऐकताना धवलला घुमारा गढूळ वाटला. त्याने रिव्हर्बवर इक्वलायझर लावला, खालचे घोगरे सूर कापले, आणि जिथे शब्द उमटतात तो मधला भाग थोडा उचलला. गाणं लख्ख झालं. कडव्यांत तर बायकांच्या आवाजाखाली घुमारा दबूनच जाई; फक्त मधल्या मोकळ्या जागेत लांबून कुणीतरी बोलल्याचा भास झाला. तो तडक खाली गेला.

"आकाराम, जरा हळू बोला ना. वर काम चाललंय."

नव्या गादीवर आडवा झालेला आकाराम दचकून उठला. "आरं, मी झोपलोय! झोपेत बोललो का काय?"

"असंच काहीतरी," धवल म्हणाला आणि वर येऊन मधला भाग अजून थोडा उचलला.

सोमवारी सकाळी सरपंच लालासाहेबांनी गाडीला नारळ फोडला. निम्मं गाव चावडीपुढे जमलं होतं. नानासो इस्त्रीच्या कपड्यांत, छाती काढून सगळ्यांच्या पुढे. चालक बिराप्पाने बटण दाबलं. राहीबाईंचं पहिलं कडवं दणक्यात झालं, लोकांनी माना डोलावल्या. मग नुसती ढोलकी राहिली आणि तिच्यामागून, खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला,

"बने… वल्ला म्हंजी कंचा गं?"

लोक इकडेतिकडे पाहू लागले. नानासो तर समोर उभे होते आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

"आवं, नानासो हितं हायत," एक म्हातारी म्हणाली, "मग बोलतंय कोन?"

दुसरं कडवं झालं. पुन्हा ढोलकी, पुन्हा विहीर. "आपल्यात तर समदं एकाच बारडीत जातंय… कुनाला सांगू नगंस."

आता हसू फुटलं. बनुबाईंनी पदर ओढून घेतला. लालासाहेब तोंडावर रुमाल धरून खोकत होते, तेवढ्यात तिसरी जागा आली. "लालासाब भाशन करनार… दुपारचं जेवान गेलं."

खोकला थांबला. बिराप्पा घामाघूम होऊन बटण शोधत होता, पण ते सापडेपर्यंत शेवटची ओळ येऊन गेली. "राहीबाय गाती मातूर झ्याक… पर तोंडावर बोलायचं न्हाई."

हसण्यात ही ओळ फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. राहीबाईंनी मात्र ऐकली. तीस वर्षं शेजारी राहून नानासोंनी त्यांना कधी बरं म्हटलं नव्हतं. त्या हसायच्या थांबल्या. नानासो फौजी चालीने घरी निघून गेले.

"बाळा," राहीबाईंचा फोन आला, "तू तर म्हनलास, पट्टी वढली की गेला! हितं तर मानसानं बरनीत बसून कारभार केला."

धवलने संगणक उघडला. दोन मिनिटांत दुसरी वाट सापडली, ती त्याने फेडरच्या नंतर नेली आणि नानासो मागच्या दारानेही गेले. निर्मळ झालेलं गाणं त्याने त्याच दुपारी पाठवून दिलं.

चार दिवसांनी बिराप्पाचा फोन. "धवलदादा, गाडी रिकामी फिरतीया. सोमवारी दोन फेऱ्या झाल्या, समदं गाव डबं घिऊन रस्त्यावर. आता कुत्रं बी यीना झालंय. लोक म्हनत्यात, ते बोलनारं गानं लावा."

"पण नानासो?"

"त्येंना तुमीच इचारा. माझी न्हाई छाती."

धवल गेला. एकट्याने नको म्हणून राहीबाईंना बरोबर घेतलं. नानासो दारात बसून दोन डब्यांना रंग देत होते, एक हिरवा, एक निळा. शेजारी बनुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"निळ्या रंगाचा ओघळ आलाय बगा खाली," त्या म्हणाल्या. "समद्या गावाला म्हाईत झालंय, आता तरी नीट करा."

धवलने चाचरत सगळं सांगितलं, दोन वाटा, घुमारा, लोकांची मागणी. नानासोंनी ब्रश खाली ठेवला.

"एक सांग. माझं बोलनं ऐकू आलं. बरं. मग माझं गानं कुठं गेलं?"

धवलने राहीबाईंकडे पाहिलं. राहीबाईंनी डब्यांकडे पाहिलं.

"ते मीच काढाय लावलं," शेवटी राहीबाई म्हणाल्या. "नानासो, तुमी बोलता लय चांगलं."

नानासोंनी ब्रश पुन्हा उचलला. "म्हंजी गात न्हाई."

"न्हाई," राहीबाई म्हणाल्या. "पर मला झ्याक म्हनलासा, ते ऐकलं मी. त्यापायी तुमचं गानं ठिवायला लागलं तरी ठिवती."

"नगं," नानासो म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. "गाव घरातनं भाईर निघाय पायजे, आत पळाय नगं. लाव ते बोलनारं."

जुनं गाणं परत आलं आणि गाडी भरू लागली. महिन्याभरात खालच्या वाडीचे लोक धवलकडे हजर. त्यांनाही गाणं हवं होतं, पण 'मागनं बोलनाऱ्या मानसासकट'. नानासो मोठ्या मानाने आले. गायचं नाही, फक्त पुटपुटायचं, हे त्यांनी मान्य केलं होतं. मात्र समोर लाल दिवा लागला आणि ते ताठ झाले.

"गावातील सर्व नागरिकांस कळविण्यात येते की," ते म्हणाले.

"नानासो, तसं नको. घरी बोलता तसं बोला."

"घरात मी बोलतच न्हाई," नानासो म्हणाले. "घरात ही बोलती."

तासभर झाला. घेऊन घेऊन तेरा वेळा घेतलं, तेराही वेळा सरकारी दवंडी झाली. बाहेर बाकावर बसलेल्या बनुबाई शेवटी दार ढकलून आतच शिरल्या.

"एवढ्या वेळात मी दोन पोती भुईमूग फोडला असता! गावाला शिकवायला निगालाय, आन सकाळी च्याची गाळलेली पूड कंच्या डब्यात टाकलीसा? निळ्या! मी उचलून हिरव्यात टाकली. दाढीचं पातं कुठं टाकलं? त्ये बी हिरव्यात! गाय खाईल, मरंल, मग दूध काय लाल दिव्याचं काढनार हाय?"

"अगं, हळू…"

"का हळू? ऐकू दे की त्या पोराला!"

पोराने केव्हाच बटण दाबलेलं होतं. खालच्या वाडीत ते गाणं असं चाललं, की लोक कचरा नसला तरी डबा घेऊन बाहेर येऊ लागले. नानासोंचा "अगं, हळू" तेवढा एकदा ऐकू येई, तोही लक्ष दिलं तर.

पुढच्या आठवड्यात कोरेगावकडच्या एका गावातून फोन आला. तो नानासोंच्या नंबरावर आला, त्यामुळे त्यांनीच उचलला.

"आमाला बनुबाई पायजेत," पलीकडचा म्हणाला. "गाडी पाठवतो. मालक न्हाई आलं तरी चालंल."

नानासोंनी आत पाहिलं. बनुबाई चुलीपुढे मुकाट्याने भाकरी थापत होत्या. नानासोंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती एकटी बोलत न्हाई," ते म्हणाले. "तिला बोलायला म्होरं मी लागतुय."