आक्काची खोली आणि अस्सल लाकूड

डोंगरावरचं घर कसं बांधावं, हे मला विचारा. नकाशे काढणाऱ्यानं काच, लोखंड, सिमेंट असं बरंच काही सुचवलं. मी म्हटलं, "देवानं एवढी झाडं उभी केली, ती काय फोटो काढायला?" झालं! भिंतींना लाकूड, छताला लाकूड, बसायला ओंडके, टेकायला बुंधे. रंग नाही, पॉलिश नाही. बायको म्हणाली, "आता तुमच्या अंगाला पालवी फुटायची तेवढी राहिलीय." मी मनावर घेतलं नाही. भक्ताला निंदा सोसावीच लागते.

खरी हौस होती ती आक्काच्या खोलीची. आक्का माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यापासून सहा वर्षं ती खाली शहरात एकटी राहते. तिनं कायमचं इथं यावं, एवढंच माझं देवाकडे मागणं. तिला वारा लागू नये म्हणून मी तिच्या दाराला तसूभर फट ठेवू दिली नाही.

सुतारमामांनी परोपरीनं सांगितलं होतं, "साहेब, दाराचं लाकूड ताजं आहे. धुक्यात फुगेल. फट हवी."

"मामा, सख्ख्या बहिणीला फटीत ठेवू?"

आक्का दोन दिवसांसाठी आली. "राहायचं की नाही, ते जाताना सांगते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून धुकं. पाचची शेवटची बस गाठायची म्हणून ती बॅग भरायला खोलीत गेली, दार ओढून घेतलं, आणि दार जे बसलं ते बसलंच.

"बाळ्या, कडी काढ," आतून आवाज आला. मी साठीचा आहे, पण तिच्यासाठी बाळ्याच.

"कडी लावलीच नाहीये, आक्का."

"मी नाही म्हणेन म्हणून कोंडतोस होय रे? शाळेत बाईंना असंच कोंडलं होतंस."

"ते चुकून झालं होतं."

"आणि हे?"

मी धडक दिली. दार ढिम्म, खांदा मात्र जागचा हलला. सुतारमामांना फोन लावला.

"धडका देऊ नका, चौकट जाईल," ते शांतपणे म्हणाले. "ऊब द्या. वाळलं की आपसूक आकसेल."

दारालगतच धुराड्याची लोखंडी शेगडी होती, पण बाहेरचं सरपण धुक्यानं चिंब. खडखडीत कोरडं लाकूड होतं ते फक्त बैठकीतल्या सामानाचं. मी बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांत न दिसलेलं तेज आलं.

"हे स्टूल घ्या आधी. दोन शाली फाडल्यात यानं."

स्टूल गेलं. कपडे अडकवायची फांदी गेली. बुंध्याची खुर्ची तर तिनं स्वतः ढकलत आणली.

मी दाराला तोंड लावून म्हटलं, "आक्का, ऊब द्यावी, जोर देऊ नये. केवढं तत्त्व आहे बघ! जीवाचंसुद्धा असंच..."

"निरूपण पुरे. सरपण घाल."

खालच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला आणि विरून गेला. माझा पूर्वरंग तिथंच आटोपला. "कोंडलं नाही गं," मी म्हटलं. "पण तू निघालीस की मला करमत नाही."

आतून खुर्ची दाराजवळ ओढल्याचा आवाज आला.

"हे आधी नाही का बोलायचं? दोन दिवस नुसतं लाकूड दाखवतोयस."

दाराच्या अलीकडे मी, पलीकडे ती. दोन तास बोलत होतो. सातला दार कुरकुरलं आणि सुटलं.

आक्का बाहेर आली. सुन्या बैठकीकडे पाहत राहिली. मी मान खाली घातली.

"राहते मी," ती म्हणाली. "किती मोकळं छान वाटतंय आता घर."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात तिनं विचारलं, "थंडी किती महिने असते रे इथं?"

"चार."

नणंद-भावजयींनी एकदमच जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं. मी लगेच त्यावर जाऊन बसलो.