सोपानकाकांची मास्क-तपासणी

भर अकरा वाजता, कडक उन्हात, तोंडावर भलामोठा मास्क आणि त्याला लोंबणारी हातभर नळी अशा अवतारात हातगाडीवर वांगी निवडणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. तो माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. त्या दिवशी आमच्या दिलसुखनगरच्या गल्लीतली दोन पोरं किंचाळत घरात पळाली आणि भाजीवाल्यानं न मागता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली.

हे सोपानकाका. मूळचे नांदेडकडचे. चौतीस वर्षं इथं हैदराबादेत एका सरकारी गोदामात माल तपासायच्या कामावर होते. खिळे, पाइप, ताडपत्र्या, काहीही असो, काकांनी ‘पास’ म्हटल्याशिवाय आत जायचं नाही. रिटायर झाल्यावर गोदाम सुटलं, तपासणी काही सुटली नाही. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा यांनी मुलालाच खिडकीपाशी उजेडात उभं केलं, पुढून-मागून बघितलं आणि म्हणाले, “जरा चालून दाखवा.” मुलगा चालला बिचारा! आता पुण्यात तिच्यासोबत संसार करतोय, पण सासरे दिसले की अजून ताठ उभा राहतो. मी एकदा हौसेनं उपमा करून वर नेला. काकांनी चमच्यानं उकरून बघितलं. “मीठ बरोबर. कढीपत्ता कालचा. माल पास नाही.” आणि तो पास न झालेला माल सगळा खाल्ला.

तर अशा माणसाला झोपेचा आजार झाला.

आधी आम्हाला तो आजार वाटलाच नाही, गंमत वाटायची. काका कुठंही झोपायचे. बोलता बोलता वाक्याच्या मधोमध, जेवताना हातात घास धरून. एकदा माझ्या स्कूटरवर मागं बसले आणि मलकपेटच्या सिग्नलला माझ्या हेल्मेटवर डोकं टेकून घोरायला लागले. मी तिथंच कानाला खडा लावला. त्यानंतर त्यांना कुठंही न्यायचं तर मेट्रोनं.

मग तपासण्या झाल्या. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, रात्रभर हेच चालतं, हृदयावर ताण आलाय. “मशीन लावून झोपायचं. नाही लावलं तर एखाद्या सकाळी उठणार नाही.” काका म्हणाले, “हौ.” हवा फुंकणारं मशीन घरी आलं, नळी आणि मास्कसकट. काकांनी त्याला कान लावला, वायर ओढून बघितली, पास केलं. घोडं अडलं ते मास्कपाशी.

काकांचं म्हणणं असं, की जो माल रोज वापरायचा तो दिवसा उजेडी तपासायला पाहिजे. झोपेत कसली तपासणी? म्हणून मास्क लावून भाजी, मास्क लावून पेपर, मास्क लावून देवपूजा. उदबत्तीचा धूर नळीतून आत गेला आणि काका शंख वाजल्यासारखे खोकले. वर पुन्हा एक वही. तिच्यात शेरे. पहिला मास्क: ‘नाकाच्या दांड्यावर वळ. बैलाची वेसण याहून मऊ.’ दुसरा: ‘कडेनं हवा सुटते, डोळ्यात जाते. कुकरची रिंग बरी.’ तिसरा: ‘पट्टा टकलावरून घसरतो.’ यात मास्कचा काय दोष, हे विचारायची सोय नाही. चौथा मला तरी चांगला वाटला होता. त्याच्यापुढं एवढंच लिहिलं होतं: ‘अडचण आहे.’ कसली ते नाही.

आणि प्रत्येक वेळी परत करायला काकांना घेऊन नामपल्लीच्या दुकानात कोणी जायचं? मी! शाळेत पोरांना गणित शिकवून आधीच डोकं उठलेलं असतं. पण पुण्याहून लेकीचा फोन यायचा, “ताई, बाबांचं तेवढं बघा ना,” आणि मी निघायचे. दुकानातली स्वरूपा चाळिशीची, शांत बाई. मास्क बसवून द्यायचं काम तिचं. काका आरशात बघून प्रत्येक पट्टा बोटानं ताणायचे आणि ती म्हणायची, “अंकल, कोंचम ओपिक पट्टंडी. थोडा सबर करो.”

“बेटा, सबर है. माल पास नहीं है.”

पाचव्या मास्कच्या वेळी मी हात टेकले. “तो डॉक्टर मरायच्या गोष्टी करतोय आणि तुम्ही वळ मोजताय! कामून असं करता?” काका वही चाळत राहिले. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आमची तोंडं बघितली, आत जाऊन चपला घालून आल्या. “आज मी पण येते,” म्हणाल्या.

काकूंबद्दल मी आतापर्यंत काही बोलले नाही, आणि त्याचं कारणही सांगायला पाहिजे. गेल्या तीन-चार वर्षांत त्यांचे कान पार गेले. कानातलं यंत्र लावलं की नुसता गोंगाट होतो म्हणून ते कपाटात ठेवलंय. मग त्यांच्याशी बोलणार काय? मी वर गेले की त्यांच्याकडं बघून हसायचे, मान हलवायचे आणि काकांशी बोलायला बसायचे. सगळेच तसं करायचे.

दुकानात स्वरूपानं सहावा मास्क काढला. नाक-तोंड दोन्ही झाकणारा, मऊ गादीचा. काका तोंड उघडं टाकून झोपतात म्हणून डॉक्टरांनी असलाच सांगितला होता. लावला, मशीन सुरू केलं. कुठून हवा सुटेना, कुठं टोचेना. काका पाच मिनिटांत खुर्चीतच झोपले. काय ती झोप! घोरणं नाही, धाप नाही. स्वरूपानं माझ्याकडं बघून अंगठा वर केला. मी देवाचे आभार मानले.

काका जागे झाले. समोरच्या खुर्चीत काकू. काकांनी मास्कच्या आतून त्यांना काहीतरी विचारलं. काकू पुढं झुकल्या, मास्ककडं बघत राहिल्या. “काय?” काकांनी पुन्हा म्हटलं. “दिसत नाही हो,” काकू म्हणाल्या.

काकांनी मास्क काढला. “माल पास नाही.”

माझा पारा चढला. “काका, पुरे झाली थेरं! आत्ता झोपलात ना यातच? आता काय खोट निघाली?”

“खोट नाही मालात,” ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “तिला ओठ दिसत नाहीत. माझे ओठ बघून तिला कळतं. रात्री आडवं पडलं की दिवा चालू ठेवून आम्ही बोलतो. गल्लीत काय झालं, लेकीचा फोन काय आला, सगळं सांगतो.”

“मग बोलून झाल्यावर लावा की मास्क!”

“बोलता बोलताच मला झोप लागते, तुला माहीत आहे. मग मास्क राहतो. म्हणून आधीच लावून बसायला पाहिजे.” त्यांनी काकूंकडं बघितलं. “दिवसभर तिच्याशी कोण बोलतं गं? तू येतेस, माझ्याशी बोलतेस, जातेस.”

लाज वाटली, सरळ सांगते.

स्वरूपानं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, नुसता नाकाचा चालेल का बघू, निदान लावतील तरी, आठवड्यानं मशीनचे आकडे तपासू. तिनं छोटा, नाकाखाली बसणारा मास्क आणून काकांना लावला; ओठ मोकळे. काका बोलायला लागले की हवा तोंडातून फुर्र फुर्र बाहेर येई आणि आवाज सगळा वाहून जाई. आम्हाला एक अक्षर कळेना. काकू मात्र हसल्या. “हौ, कळलं,” म्हणाल्या. “घाबरले नाही मी, तुम्हाला असं बघून.”

आठवड्यानं आकडे बघून डॉक्टर ‘चालू द्या’ म्हणाले. पण ते नंतरचं. त्या दिवशी परतताना मेट्रोत जागा दोनच मिळाल्या. काका बसल्या बसल्या काकूंच्या खांद्यावर झोपले. मी नेहमीप्रमाणे दाराशी जाऊन उभी राहणार होते. तशी न जाता काकूंच्या समोर आले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी वाकले आणि हळूहळू विचारलं, “काकू, गुडघे कसे आहेत?”

काकूंनी माझा हात धरला आणि बोलायला लागल्या. दिलसुखनगर आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं. आम्ही तिघं पुढच्या स्टेशनला उतरलो.